नायलॉनची आंघोळ

आमच्या घरात एक मोठं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं आहे. त्याच्या काठावर माझ्या बायकोचं, केसरबाईचं, नाव कोरलेलं आहे. चाळीस माणसांची खिचडी त्यात आरामात शिजते. गल्लीत कोणाकडे बारसं असलं की ते मागायला येतात, आणि केसरबाई ज्याच्या हातात देते त्याला वरपासून खालपर्यंत बघून मगच देते. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी ते तिला न विचारता घेतलं. मला वाटलं, काम चांगलं आहे, विचारायचं काय.

माझी नात कावेरी तेव्हा सुरतेला पॉलिमर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पॉलिमर म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी सांगतो, आपला प्लास्टिकचा दाणा. वापीच्या बाजूच्या सायली गावातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी मोल्डिंग मशीन चालवलं. वरून हॉपरमध्ये दाणा टाकायचा, तो आत बॅरलमध्ये वितळतो, साच्यात दाबला जातो, गार झाला की साचा उघडून वस्तू काढायची. बादलीचा कान, पंख्याची पट्टी, शिलाई मशीनचं चाक, असलं सगळं मी काढलं आहे. कावेरी लहान असताना मी घरी आलो की ती माझे खिसे उलटे करायची. खिशात नेहमी चार-दोन रंगीत दाणे अडकलेले असायचे. ती ते काडेपेटीत साठवायची. पुढे तिने ह्याच दाण्याचा चार वर्षांचा कोर्स घेतला तेव्हा मी म्हटलं, "चार वर्षं पुरेल इतकं काय आहे त्यात?"

ती म्हणाली, "आबा, तुम्ही एकतीस वर्षं काढली. मी चारच मागतेय."

आमचं दोघांचं असंच चालतं. ती पहिलीत असताना मी बावन्न वर्षांचा होतो आणि आम्ही एकाच पाटीवर अक्षरं काढत होतो. कंपनीत तेव्हा नवा नियम आला होता, प्रत्येक पाळीला मशीनचा कागद भरायचा. किती माल निघाला, किती बाद झाला, बॅरल किती गरम. शेजारच्या खोलीत शैलजाबाई राहायच्या, सरकारी शाळेत शिक्षिका, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी आम्हा दोघांना बरोबर बसवलं. कावेरीचा 'ळ' माझ्याआधी सुधारला. त्यावरून ती मला अजून बोलते.

अक्षरं येत नव्हती तेव्हा मी गाठींवर काम चालवायचो. पिशवीच्या दोरीला एक गाठ म्हणजे काळा दाणा, दोन म्हणजे पांढरा, तीन म्हणजे चुरा मिसळलेला. कागद भरायला लागल्यावरही गाठी मारायची सवय गेली नाही. शाई पुसते, गाठ राहते.

आता त्या शनिवारचं सांगतो.

शेवटच्या वर्षाला एक मोठं काम करून द्यावं लागतं, त्याला ते प्रोजेक्ट म्हणतात. कावेरीने नायलॉन घेतलं होतं. मोल्डिंगमध्ये जो माल बाद होतो तो दळून त्याचा चुरा करतात आणि नव्या दाण्यात मिसळून पुन्हा वापरतात. हे सगळेच कारखाने करतात. किती चुरा मिसळला तर माल किती कमजोर होतो, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिने कॉलेजचा साचा आमच्या जुन्या कंपनीत आणला. गोकुळ आता तिथे सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला होता, आमच्या शिरपूरकडचाच, त्यामुळे त्याने मशीन द्यायला नाही म्हटलं नाही. शुक्रवारी कावेरीने तिथे पट्ट्या काढल्या. चार प्रकारच्या होत्या. एकात चुरा अजिबात नाही, मग दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के. प्रत्येकी दहा. दोन्ही टोकांना रुंद आणि मधे बारीक, डमरूसारख्या. त्या दिवशी माझा गुडघा शेकायला दवाखान्यात जायचं होतं म्हणून मी तिकडे गेलो नाही. गेलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने चार चंदेरी पाकिटं माझ्या कपाटात ठेवली. तोंडं गरम करून चिकटवलेली होती.

"आबा, जपून ठेवा. सोमवारी सकाळी सुरतेला न्यायची आहेत. सोमवारी दहा वाजता टेस्टिंगचं मशीन माझ्या नावावर आहे. त्यानंतर ते दुरुस्तीला जाणार. सोमवारचे आकडे आले नाहीत तर प्रोजेक्ट अर्धवट, आणि डिग्री सहा महिने पुढे."

जपून ठेवा म्हणाली. उघडू नका असं म्हणाली नाही. अर्थात, जपून ठेवायला दिलेलं कोणी उघडत नसतं, हे मलाही कळतं.

शनिवारी सकाळी कावेरी स्कूटर घेऊन कागद छापून आणायला वापीला गेली. मुलगा संजू आणि सूनबाई, कावेरीचे आईवडील, लग्नाला शिरपूरला गेलेले. केसरबाई मागच्या गल्लीत पापड लाटायला गेली. घरात मी एकटा. मनात आलं, पोरीच्या हातचा माल बघावा तरी. मी तीस टक्क्यांच्या पाकिटाचा कोपरा कात्रीने कापला.

माल सुरेख होता. कुठे खड्डा नाही, कुठे धार नाही. मी एक पट्टी फरशीवर टाकली. टण् असा आवाज आला, आणि तो आवाज मला आवडला नाही. मग पट्टी दोन्ही हातांत धरून वाकवली. पहिल्यांदा सरळ झाली, दुसऱ्यांदा सरळ झाली, तिसऱ्यांदा कडकन तुटली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरगी आंघोळ विसरली.

नायलॉनच्या मालाला आम्ही आंघोळ घालतो. साच्यातून निघालेलं नायलॉन कडक असतं, जोराचा फटका बसला तर फुटतं. म्हणून माल पाठवायच्या आधी तो उकळत्या पाण्याच्या ड्रममध्ये चार तास ठेवायचा. नंतर तोच माल हातोड्याखाली चेपतो, पण तुटत नाही. असं का होतं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला विश्वनाथ फिटरने दाखवलं, मी गोकुळला दाखवलं. एकदा घाईत आंघोळ न घालता चाकांचा माल गेला, तर अर्धा माल फुटून परत आला आणि शेठ आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून नायलॉन म्हटलं की आंघोळ.

मला कावेरीची काळजी वाटली. सोमवारी कॉलेजच्या मशीनवर ह्या पट्ट्या सगळ्यांसमोर कडाकडा तुटणार. सर म्हणणार, हिला इतकं साधं माहीत नाही. वेळ होती, गॅस होता. मी पातेलं काढलं.

काम मी नीट केलं, हे मला सांगायचं आहे. जुन्या धोतराचे चार तुकडे केले आणि प्रत्येक पाकिटातल्या पट्ट्या वेगळ्या पुरचुंडीत बांधल्या. चुरा नाही तिला गाठ नाही, नुसता पीळ. दहाला एक गाठ, वीसला दोन, तीसला तीन. दोऱ्यांची टोकं काठावरून बाहेर सोडली. पाणी आधी उकळवलं, मग माल सोडला. पाणी आटलं तेव्हा दुसऱ्या भांड्यात उकळलेलंच पाणी वरून घातलं, गार घातलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, नऊ दहाला चढवलं, एक दहाला उतरवलं. मग पुरचुंड्या सोडून पट्ट्या चार ताटांत पसरल्या आणि प्रत्येक ताटात तिची तिची दोरी ठेवली.

कावेरी अडीच वाजता आली. हेल्मेट डोक्यावरच होतं.

"आबा, हे काय वाळत घातलंय?"

"तुझ्या पट्ट्या. आंघोळ राहिली होती. घातली मी."

तिने एक उचलली आणि वाकवली. पट्टी मुकाट्याने वाकली.

"बघितलंस?" मी म्हटलं.

ती खाटेच्या कडेला बसली. हेल्मेट तसंच. मला वाटलं ऊन लागलं.

"सगळ्या उकळल्या?"

"एक सोडून. एक सकाळी तुटली."

"चारही पाकिटं?"

"चारही. वेगवेगळी."

ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, मला त्या कोरड्याच मोजायच्या होत्या."

"कोरड्या तुटतात, बाळा."

"तुटतात ना. किती जोर लावल्यावर तुटतात, तेच मोजायचं होतं."

एकतीस वर्षं माल तुटू नये म्हणून मी झटलो. कोणी तो मुद्दाम तोडायला तयार करत असेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्या पाकिटांत ओल शोषणारी पुडी होती, औषधाच्या बाटलीत असते तशी. ती मी सकाळी हातात घेतली होती आणि बाजूला ठेवली होती. तेव्हाच कळायला हवं होतं.

तेवढ्यात केसरबाई पापडाच्या पिठाने माखलेले हात घेऊन आली. तिची नजर आधी पातेल्यावर गेली.

"यात काय शिजवलं?"

"नायलॉन," मी म्हटलं.

"नायलॉन." तिने पातेल्यात नाक घालून बघितलं. "उद्या मला कुरडयांचा चीक शिजवायचा आहे. तीन दिवस गहू भिजून राहिलेत. आता चीक काय तुमच्या डोक्यावर शिजवू?"

"आई," कावेरी म्हणाली. ती आजीला आई म्हणते. "पातेल्याचं नंतर."

"नंतर कसं? गहू आंबतात. आणि तू का रडून राहिली?"

कावेरी रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती. मी सगळं सांगितलं. केसरबाई ऐकत गेली तशी तिच्या चेहऱ्यावरची पातेल्याची काळजी उतरली आणि दुसरी चढली.

"म्हणजे यांनी तुझी परीक्षा उकळली," ती म्हणाली.

कावेरीला हसू आलं. तिने हेल्मेट काढलं. मग उठून ताटांपाशी गेली आणि एक दोरी उचलून बोटांनी चाचपली.

"ही तीन गाठींची कुठली?"

"तीस टक्के."

"नक्की?"

"अगं, मी गाठीत चुकतो का कधी?"

तिने कॅलेंडर उलटून वाचलं. मग बाहेर ओट्यावर जाऊन तिच्या सरांना, जयवंत सरांना, फोन लावला. बराच वेळ बोलत होती. मी आत बसून गुडघा चोळत होतो. केसरबाई पातेलं चिंचेने घासत होती, हे काम तिने मला ऐकू येईल इतक्या जोराने केलं.

कावेरी आत आली. "सर म्हणाले, उकळलेल्या पट्ट्याही मोजू. किती वेळ आणि कसं उकळलं याची नोंद आहे आणि प्रकार मिसळलेले नाहीत, तर त्यांचा उपयोग आहे. पण कोरड्या नसतील तर तुलना कशाशी करायची? कोरड्या सोमवारी दहाच्या आत हव्यात."

"मग पुन्हा काढू," मी म्हटलं.

"दाणा आधी सहा तास सुकवावा लागतो. आणि मशीन कोण देणार?"

मी गोकुळला फोन केला. तो ऐकत होता आणि मधूनमधून खोकल्यासारखं करत होता. हसणं दाबत होता.

"काका, रिटायर होऊन सात वर्षं झाली तुमाले. आंघोळ काही सुटली नाही."

"हसून घे. मशीन कधी देतोस?"

"उद्या ऑर्डरचं काम आहे, भो. बाराला साचा बदलायचा आहे. नवा साचा दोनला चढेल. मधे दोन तास तीन नंबर रिकामं. कॉलेजचा साचा इथेच पडलाय. पण दाणा आजच ड्रायरला लावा. आणि शेठ आले तर मी तुमाले ओळखत नाही."

"शेठ मला ओळखतात."

"मग बरंच झालं."

दाणा होता, पण चुरा थोडाच उरला होता. कावेरीने कागदावर हिशेब मांडला. प्रत्येकी सहा पट्ट्या निघतील, पाच लागतात. म्हणजे फक्त एक वाया घालवता येईल. आम्ही दोघं स्कूटरवरून सायलीला गेलो. कंपनीच्या गेटवर नवा वॉचमन होता, त्याने माझं नाव वहीत लिहायला सांगितलं. मी लिहिलं, वाल्मिक. 'ळ' नाही त्यात, म्हणून बरं. कावेरीने चार ट्रेमध्ये दाणा पसरून ड्रायरमध्ये ठेवला आणि गोकुळला दोनदा बजावलं की दार कोणी उघडायचं नाही. तिसऱ्यांदा बजावताना तिने माझ्याकडे बघितलं.

रविवारी आम्ही साडेअकराला पोचलो. केसरबाईने सकाळीच मागच्या गल्लीतून पातेलं मागून आणलं होतं. ज्या बाईला तिने आजवर तीनदा नकार दिला होता, तिच्याच घरून. जाताना ती मला म्हणाली, "आज तिच्या हाताखाली काम करा. सांगेल तेवढंच."

बाराला साचा उतरला. गोकुळने आणि एका फिटरने कॉलेजचा साचा चढवला, त्यात पाऊण तास गेला. साडेबाराच्या पुढे प्रत्येक मिनिट कावेरीच्या तोंडावर दिसत होतं. मशीनसमोर ती उभी राहिली, मी साच्याच्या बाजूला हातमोजे घालून. माझ्याच जागी ती, आणि हेल्परच्या जागी मी. तीन नंबरचं मशीन मी बारा वर्षं चालवलं होतं. त्याचा पंप सुरू होताना जरा कण्हतो, अजूनही कण्हला.

पहिले काही शॉट फेकायचे असतात, आतला जुना माल निघून जाईपर्यंत. नव्या दाण्याचे ते परवडत होते. मग साचा उघडला, पहिली खरी पट्टी निघाली, मी ती काढली आणि माझा हात आपोआप खाली गेला. मशीनच्या बाजूला पाण्याची बादली असते. गरम माल त्यात टाकायचा, म्हणजे लवकर गार होतो. एकतीस वर्षं हात तिथेच जायचा.

बादली नव्हती. हात हवेत राहिला.

"सकाळीच उचलून लांब ठेवली," गोकुळ मागून म्हणाला. "तुमचा भरोसा नाही."

कावेरी हसत होती, पण तिची नजर घड्याळावर होती. "आबा, ट्रेमध्ये. कोरड्या ट्रेमध्ये."

शून्य टक्क्यांच्या झाल्या. दहाच्या झाल्या. ती प्रत्येक वेळी दाणा बदलताना हॉपर पुसून घेत होती, झाकण लगेच लावत होती. तिच्या हातांत घाई होती, पण गडबड नव्हती. मला माझ्या पहिल्या वर्षाची आठवण झाली, तेव्हा माझ्या हातांत दोन्ही असायच्या. विसाच्या पट्ट्यांत एकीवर चंदेरी रेघ आली.

"ओल आहे," मी म्हटलं.

"हॉपर पुसायला उशीर झाला," ती म्हणाली. "एक गेली. आता विसाच्या पाचच."

त्या पाच चांगल्या निघाल्या. तीसच्या सहाही निघाल्या. प्रत्येक प्रकार झाला की ती पाकिटात पुडी टाकून तोंड चिकटवत होती आणि वर पेनाने लिहीत होती. मी माझ्याकडून प्रत्येकाला दोरी बांधली. दोनला दहा मिनिटं कमी होती.

साचा उतरत होता तेव्हा आम्ही शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली बसलो. गोकुळने चहा पाठवला. मी तिला विचारलं, "मला एक सांग. आंघोळीने होतं काय नेमकं? विश्वनाथलाही माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "नायलॉन म्हणजे लांब लांब धागे, आबा. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. कोरडे असले की एकमेकांना घट्ट धरून बसतात. जोर आला की सरकत नाहीत, म्हणून तुटतात. पाणी आत शिरलं की ती पकड सैल होते. मग धागे सरकतात, आणि माल वाकतो."

मी विचार करून म्हटलं, "सुरंगी गावाकडची माणसं टोपल्या विणताना बांबूच्या पट्ट्या आधी भिजवतात. कोरड्या वळवल्या तर मोडतात."

तिने कप खाली ठेवला. "हे मी रिपोर्टमध्ये लिहू का?"

"तुझा रिपोर्ट आहे. मला काय विचारतेस?"

"तुम्ही मला विचारून उकळल्या होत्या का?"

सोमवारी पहाटेच्या गाडीने ती गेली. एका पिशवीत नवी चार पाकिटं, दुसरीत माझ्या पुरचुंड्या. मी दिवसभर फोनजवळ होतो. कुरडया गच्चीवर वाळत होत्या, कावळे हाकलायचं काम मला मिळालं होतं. दुपारी एकच्या सुमारास फोन आला, पण कावेरीचा आवाज नव्हता.

"वाल्मिकराव? मी जयवंत, कावेरीचा सर."

मी उभा राहिलो. हातातली काठी खाली ठेवली.

"सर, चूक माझी आहे. तिची नाही," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे, तिने सांगितलं. मला वेगळंच विचारायचं आहे. पाणी कुठलं होतं?"

"बोअरचं."

"आणि आटल्यावर वरून घातलं ते?"

"तेही बोअरचं, उकळलेलं. दोनदा घातलं. माल पूर्ण बुडलेला होता. गॅस मधे बंद झाला नाही."

"काढल्यावर उन्हात ठेवल्या?"

"नाही सर, सावलीत, ताटांत. उन्हात आम्ही कधी ठेवत नाही."

"का?"

"ते मला माहीत नाही. विश्वनाथ ठेवत नसे."

ते लिहून घेत होते, मला पेनाचा आवाज ऐकू आला. मग म्हणाले, "आमच्याकडे मुलं शंभर नमुने उकळतात आणि कोणता कुठला हे विसरतात. तुमच्या गाठी मी वर्गाला दाखवल्या. हे घ्या, कावेरी बोलतेय."

कावेरी म्हणाली, "झालं आबा. सगळ्या तुटल्या."

"सगळ्या?"

"कोरड्या सगळ्या. शून्य टक्क्यांच्या बराच जोर लावल्यावर, तीस टक्क्यांच्या लवकर. अगदी रांगेत आले आकडे. आणि तुमच्या आंघोळीच्या पट्ट्या तुटायच्या ऐवजी च्युइंगमसारख्या ताणल्या गेल्या. मशीनची लांबी पुरत नव्हती. आता रिपोर्टमध्ये एक जास्तीचा तक्ता आहे. सर म्हणतात तो ठेवायचाच."

"म्हणजे डिग्री पुढे नाही जात?"

"नाही जात."

मी फोन ठेवला आणि खाली येऊन केसरबाईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली, मग मलाही चिमूटभर दिली. मग म्हणाली, "कावळे कोण बघतंय वर?"

जूनमध्ये कावेरी पास झाली. वापीजवळच्या एका कंपनीत तिला लगेच काम मिळालं, तिथेही नायलॉनच आहे. रिपोर्टची एक प्रत तिने मला आणून दिली. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. पण आकडे येतात. शेवटून चौथ्या पानावर दोन तक्ते शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्याच्या डोक्यावर चारचा आकडा आहे, तास म्हणून. त्याखाली एक छोटा फोटो, चार दोऱ्यांचा. बांबूचंही एक वाक्य आहे म्हणे. कुठे आहे ते तिने बोटाने दाखवलं.

रिपोर्टबरोबर तिने दोन पट्ट्याही आणल्या. एक मधोमध स्वच्छ तुटलेली, आणि एक ताणून ताणून मधे सुतासारखी बारीक झालेली, तरी एकसंध. त्या मी खिडकीत ठेवल्या आहेत. कोणी आलं की दोन्ही हातात देतो आणि विचारतो, ह्यातली चांगली कुठली? बहुतेक जण ताणलेली उचलतात. मग मी सांगतो, तुटलेलीही तेवढीच कामाची आहे, आणि का ते सांगत बसतो.

पातेलं मात्र माझं झालं. केसरबाईने त्यात पुन्हा अन्न शिजवलं नाही. कावेरी पगारातून नवं घेऊन आली, स्टीलचं, तळ जाड. त्यावर तिच्या आजीचं नाव घालून आणलं होतं. केसरबाईने ते उलटसुलट बघितलं, बोटाने वाजवून बघितलं आणि कपाटाच्या वर ठेवलं.

"आणि जुन्यावरचं नाव?" मी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "कोणी मागायला आलं तर सांगता येईल, ते पातेलं शिकायला गेलंय."